आधी पोटोबा, मग धावोबा!

'आधी पोटोबा, मग विठोबा' ही म्हण होस्टेलमध्ये कुणाला शिकवावी लागत नाही. मेसचं दार उघडायच्या आधी दहा मिनिटं जी रांग लागते, ती पाहिली की खात्री पटते. पण स्पोर्ट्स वीक जवळ आला की हीच मंडळी अचानक दोन पक्षांत विभागली जातात. पहिला पक्ष म्हणतो, "काही खाऊ नकोस रे, पोट हलकं तर पाय हलके!" दुसरा पक्ष म्हणतो, "एवढं पळायचंय, मग दाबून खा की!" आणि सगळ्यात मोठा असतो तो तिसरा पक्ष. त्याला काही मतच नसतं. सकाळी साडेसहाला रेस, मेस उघडणार आठला, म्हणून तो उपाशीच पळतो. आदल्या रात्री साडेसातला जेवलेला माणूस सकाळी साडेसहाला पळायला लागतो, म्हणजे मध्ये चांगले अकरा तास गेलेले असतात!

मग काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. क्रॉसकंट्रीत असो किंवा सायकल रॅलीत, शेवटच्या टप्प्यात कुणीतरी रस्त्याच्या कडेला डोकं धरून बसलेलं असतं. गंमत म्हणजे ती व्यक्ती दरवेळी 'अनफिट' नसते. कधीकधी तर रोज ग्राउंडवर दिसणारीच असते. मग गडबड नक्की कुठे होते? फिटनेसमध्ये की पोटात? मित्रांनो, आज त्याचाच हिशोब करू या. आपण इंजिनीअर होणार आहोत, तेव्हा गाडी बंद पडली की आधी इंधनाचा काटा बघायचा, एवढं तरी आपल्याला यायलाच हवं!

इंजिन एक, इंधनं दोन

आपले स्नायू मुख्यतः दोन इंधनांवर चालतात. एक कर्बोदके, म्हणजे आपले कार्बोहायड्रेट्स (हा शब्द मला माझ्या झेड.पी.च्या शाळेत शिकलेल्या रूममेटने शिकवला, कॉन्व्हेंटवाल्यांनी लिहून घ्या!). दुसरं म्हणजे चरबी, फॅट.

चरबीचा साठा तर प्रचंड असतो. ६० किलो वजनाच्या सडपातळ मुलाच्या अंगात १२ टक्के चरबी धरली, तर ती झाली ७ किलोच्या वर. एका ग्रॅममागे ९ किलोकॅलरी, म्हणजे ६० हजारांहून जास्त किलोकॅलरी! एवढ्यात तो इथून नागपूरपर्यंत चालत जाईल. मग त्याला दमायला का होतं?

कारण साठा मोठा असला तरी त्या टाकीचा नळ बारीक आहे. साधारण माणूस जोरात व्यायाम करताना मिनिटाला जेमतेम अर्धा ग्रॅम चरबी जाळू शकतो. अर्धा ग्रॅम म्हणजे साडेचार किलोकॅलरी, तासाला झाल्या २७०. आणि पळायला लागतात तासाला ६०० च्या आसपास. उरलेला फरक भरून काढायचा तो कर्बोदकांनी. शिवाय तेवढ्याच ऑक्सिजनमध्ये कर्बोदकांपासून थोडी जास्त ऊर्जा मिळते. त्यामुळे वेग वाढला की शरीर आपोआप चरबीकडून कर्बोदकांकडे वळतं. कर्बोदके संपली तर माणूस थांबतोच असं नाही, पण त्याला चरबीच्या वेगाने, म्हणजे बैलगाडीच्या वेगाने जावं लागतं. मॅरेथॉनवाले ज्याला 'वॉल' म्हणतात, भिंतीवर आदळणं म्हणतात, ती भिंत बहुतेक हीच.

ओव्हरहेड टाकी आणि खोलीतली बादली

शरीरात कर्बोदके ग्लायकोजेनच्या रूपात साठवलेली असतात, आणि ती दोन ठिकाणी. स्नायूंमध्ये साधारण ४०० ग्रॅम आणि यकृतात, म्हणजे लिव्हरमध्ये, ८० ते १०० ग्रॅम. ग्रॅममागे ४ किलोकॅलरी धरल्या तर सगळं मिळून २००० च्या आसपास.

हे दोन साठे एकसारखे नाहीत, आणि अर्धं कोडं इथेच सुटतं. होस्टेलचीच उपमा घ्या. लिव्हर म्हणजे गच्चीवरची टाकी. तिच्यातून सगळ्या नळांना पाणी जातं. म्हणजे लिव्हरमधलं ग्लायकोजेन साखर होऊन रक्तात उतरतं आणि लागेल त्या अवयवाला मिळतं. स्नायूंमधलं ग्लायकोजेन म्हणजे प्रत्येकाने आपल्या खोलीत भरून ठेवलेली बादली. बादलीतलं पाणी पुन्हा पाइपात ढकलता येत नाही! स्नायूंकडे ती साखर रक्तात परत सोडणारं एन्झाइमच नसतं. त्यामुळे हातांच्या स्नायूंत भरपूर ग्लायकोजेन पडलेलं असलं तरी दमलेल्या पायांना त्याचा थेट उपयोग नाही.

आता रात्रीचा विचार करा. आपण झोपतो पण मेंदू झोपत नाही. त्याला दिवसाला साधारण १२० ग्रॅम ग्लुकोज लागतं, म्हणजे तासाला ५ ग्रॅम. हा पुरवठा रात्रभर मुख्यतः लिव्हरकडून होतो. म्हणून सकाळी उठतो तेव्हा गच्चीवरची टाकी बरीच खाली गेलेली असते, पण खोल्यांतल्या बादल्या मात्र भरलेल्या असतात. अर्थात आदल्या दिवशी नीट जेवला असाल आणि जबरदस्त प्रॅक्टिस केली नसेल तर!

यावरून दोन गोष्टी कळतात. सकाळचा नाश्ता मुख्यतः टाकी भरतो. बादल्या भरायच्या असतील तर त्याची सोय आदल्या दिवशीच्या जेवणात करावी लागते. रात्री भाजी आवडली नाही म्हणून ताट बाजूला सारायचं आणि सकाळी एका केळ्यावर भरपाई करायची, हे गणित जमत नाही.

थोडं गणित (व्हायवात विचारणार नाहीत)

पळायला लागणारी ऊर्जा काढायला एक सोपा अंदाज आहे: एक किलो वजनाला, एक किलोमीटरला, एक किलोकॅलरी. म्हणजे ६० किलोच्या मुलाला ५ किमीला ३००, १० किमीला ६०० आणि ४२.१९५ किमीच्या मॅरेथॉनला अडीच हजारांच्या वर. साठा दोन हजारांचा आणि त्यातला सगळा पायांत नाही. भिंत तिशीच्या पुढच्या किलोमीटरला का उभी राहते ते यावरून कळतं.

सायकलचं गणित तर आणखी गमतीचं आहे. माणूस पेडल मारतो तेव्हा त्याची एफिशिअन्सी साधारण २० ते २५ टक्के असते. आणि एक किलोकॅलरी म्हणजे ४.१८४ किलोज्यूल. दोन्ही आकडे एकमेकांना जवळजवळ कापून टाकतात! म्हणून पेडलवर जितके किलोज्यूल काम केलं, तितक्याच किलोकॅलरी अंगातून गेल्या असं धरलं तर फारसं चुकत नाही. तासभर १५० वॅट म्हणजे ५४० किलोज्यूल, म्हणजे सुमारे ५४० किलोकॅलरी. तीन तासांच्या रॅलीत १६०० च्या वर. वाटेत घाट असेल आणि समोरून वारा असेल तर विचारूच नका.

थोडक्यात, सगळा प्रश्न वेळेचा आहे. आपल्या सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्याची ललिता बाबर घ्या. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ती ३००० मीटर स्टीपलचेसच्या फायनलला पोचली. ती शर्यत साडेनऊ मिनिटांच्या आत संपते. त्यात टाकी रिकामी व्हायचा प्रश्नच येत नाही. पण हीच ललिता २०१५ ला मुंबई मॅरेथॉन पळाली तेव्हा तिला २ तास ३८ मिनिटं लागली. माणूस तोच, पाय तेच, पण इंधनाचा हिशोब पूर्ण वेगळा.

सायकलवर केलेले प्रयोग

हे सगळं पुस्तकी नाही बरं का. १९२४ साली अमेरिकेत बोस्टन मॅरेथॉन संपल्यावर डॉक्टरांनी धावपटूंचं रक्त तपासलं. ज्यांची अवस्था वाईट होती त्यांच्या रक्तातली साखर खूपच उतरलेली सापडली. पुढच्या वर्षी, १९२५ ला, धावपटूंना आधी कर्बोदकांचा आहार आणि शर्यतीत चक्क गोळ्या-कँडी खायला दिली. साखर टिकली आणि माणसंही टिकली!

पण स्नायूच्या आत काय चाललंय ते कळायला १९६० चं दशक यावं लागलं. स्वीडनमध्ये जोनास बर्गस्ट्रॉम यांनी जाड सुईने स्नायूचा छोटासा तुकडा काढायची पद्धत वापरात आणली. १९६६ ला त्यांनी आणि एरिक हल्टमन यांनी जो प्रयोग केला तो तर आपल्या फायनल इयरच्या प्रोजेक्टपेक्षा भन्नाट आहे. दोघे एकाच स्थिर सायकलच्या दोन बाजूंना बसले आणि प्रत्येकाने एकाच पायाने पेडल मारलं, पार दमेपर्यंत. दुसरा पाय आरामात. मग तीन दिवस कर्बोदकांनी भरलेलं जेवण. दमलेल्या पायातलं ग्लायकोजेन आराम केलेल्या पायाच्या जवळजवळ दुप्पट झालं! म्हणजे जी बादली रिकामी होते, ती भरताना आधीपेक्षा मोठी होते.

१९६७ ला याच गटाने थेट आपल्या प्रश्नाचं उत्तर दिलं. त्याच माणसांना वेगवेगळ्या आहारानंतर एकाच जोराने सायकल चालवायला लावली, थकून थांबेपर्यंत. नेहमीच्या मिश्र आहारावर ते सरासरी ११४ मिनिटं टिकले. कर्बोदके जवळजवळ काढून टाकल्यावर ५७ मिनिटं. आणि कर्बोदके भरपूर दिल्यावर १६७ मिनिटं. पाय तेच, सायकल तीच, फक्त ताट बदललं आणि टिकाव जवळजवळ तिप्पट झाला. स्टॅमिना, स्टॅमिना म्हणून आपण जे म्हणतो त्यातला बराच भाग ताटातून येतो तो असा.

मग लगेच आधी खाल्लं तर?

इथे एक घोळ आहे. साखर खाल्ली की स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं. इन्सुलिन साखरेला रक्तातून स्नायूंत ढकलतं. व्यायाम सुरू झाला की स्नायू स्वतःहूनही साखर ओढायला लागतात. दोन्ही दरवाजे एकदम उघडले तर सुरुवातीच्या पंधरा-वीस मिनिटांत रक्तातली साखर घसरते. १९७९ ला अमेरिकेत एक प्रयोग झाला. सायकल चालवायच्या आधी साधारण अर्धा-पाऊण तास ७५ ग्रॅम ग्लुकोज दिलं, तर टिकाव १९ टक्क्यांनी कमी झाला! तेव्हापासून 'रेसच्या आधी साखर नको' असा नियमच पडून गेला.

पण नंतर झालेल्या बहुतेक प्रयोगांत हा तोटा पुन्हा दिसला नाही. साखर थोडी घसरते, मग शरीर सावरतं आणि परफॉर्मन्स तेवढाच राहतो, कधी सुधारतोही. काही थोड्या लोकांना मात्र खरंच गरगरतं, हातपाय थरथरतात. तुम्ही त्यातले असाल तर उपाय सोपा आहे. एक तर दोन-तीन तास आधी खा, म्हणजे इन्सुलिन शांत झालेलं असेल. नाही तर अगदी स्टार्टच्या पाच-दहा मिनिटं आधी, वॉर्मअप करता करता खा. मधला पाऊण तास टाळा. आणि आपण कुठल्या गटातले आहोत हे प्रॅक्टिसमध्ये तपासा, रेसच्या दिवशी नव्हे.

जीभसुद्धा सेन्सर आहे

हे वाचून मी स्वतः दोनदा तपासलं. २००४ साली इंग्लंडमध्ये सायकलपटूंना साधारण एक तासाच्या टाइम ट्रायलमध्ये कर्बोदकांचं पाणी दिलं, पण प्यायला नाही, फक्त चूळ भरून थुंकायला. तरी ते जवळजवळ ३ टक्के जलद गेले! पोटात काहीच गेलं नाही, पण तोंडातून मेंदूला सिग्नल गेला की माल येतोय, सोड हात मोकळा. २०१८ ला आणखी एक प्रयोग झाला. साधारण वीस मिनिटांच्या जोरदार सायकलिंगआधी एका वेळी खरा नाश्ता, एका वेळी तशाच चवीचा पण कर्बोदके नसलेला खोटा नाश्ता आणि एका वेळी नुसतं पाणी दिलं. खरा आणि खोटा, दोन्ही नाश्ते पाण्यापेक्षा सरस ठरले. म्हणजे छोट्या शर्यतीत 'मी खाल्लंय' ही भावनासुद्धा काम करते. मोठ्या शर्यतीत मात्र भावनेवर गाडी चालत नाही, तिथे खरंच माल लागतो.

पळणं वेगळं, सायकल वेगळी

पळताना पोट वरखाली हिंदकळतं. त्यातच जोराच्या व्यायामात आतड्यांकडे जाणारं रक्त कमी होऊन पायांकडे वळतं. म्हणून जड जेवून पळालं की बरगडीखाली कळ येते, मळमळतं, आणि बाकीचे प्रॉब्लेम तुम्हाला ठाऊक आहेत. सायकलवर पोट तुलनेने स्थिर असतं, म्हणून सायकलवाला जास्त खाऊ शकतो, आणि चालवता चालवताही खाऊ शकतो. पळणाऱ्याने शेवटचं जेवण अजून तासभर आधी सरकवावं आणि त्यात तेल, तिखट, डाळी-उसळी कमी ठेवाव्यात. तळलेलं पोटात जास्त वेळ बसून राहतं. मिसळ रेसनंतर!

काही जण मुद्दाम उपाशी प्रॅक्टिस करतात. त्यात अगदीच अर्थ नाही असं नाही. उपाशी व्यायामात शरीर चरबी जास्त वापरतं. हलक्या, तासाभराच्या आतल्या प्रॅक्टिसला उपाशी गेलात तर बिघडत नाही. २०१८ ला अशा अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यात दिसलं की दीर्घ व्यायामात आधी खाण्याचा फायदा होतो, छोट्या व्यायामात फारसा फरक पडत नाही. म्हणजे दोन्ही पक्ष आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त ते वेगवेगळ्या शर्यतीबद्दल बोलतायत!

मेसच्या भाषेत सांगायचं तर

तासापेक्षा लांब शर्यत असेल तर १ ते ४ तास आधी, वजनाच्या दर किलोमागे १ ते ४ ग्रॅम कर्बोदके, असा सर्वमान्य सल्ला आहे. वेळ जितका जास्त, तितकं जास्त खायचं. एक तास आधी असेल तर किलोमागे १ ग्रॅमच्या जवळ राहा. आता याचं ताट करू. एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम कर्बोदके, एका चपातीत २० च्या आसपास, प्लेटभर पोह्यांत ४५-५०, चमचाभर साखरेत ५.

- ५ किमी पळणं: रात्रीचं जेवण नीट झालं असेल तर सकाळी एखादं केळं किंवा गोड चहा-बिस्किट पुरे. नाही खाल्लं तरी चालेल.
- १० किमी किंवा क्रॉसकंट्री: तास-दीड तास आधी अर्धी प्लेट पोहे आणि एक केळं. साधारण ५० ग्रॅम झाले.
- तीन तासांची सायकल रॅली: दोन-अडीच तास आधी प्लेटभर पोहे किंवा उपमा, दोन केळी, चहा. शिवाय खिशात गूळ-पोळी, राजगिरा लाडू, खजूर असं काहीतरी, आणि तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जातील असं खात राहायचं. भूक लागायची वाट बघायची नाही.
- आदल्या रात्री: भात आणि चपाती दोन्ही, जरा हात सैल सोडून. ग्लायकोजेन आपल्यासोबत पाणीही साठवतं, एका ग्रॅममागे साधारण ३ ग्रॅम. त्यामुळे सकाळी वजन थोडं वाढलेलं दिसलं तर घाबरू नका, ती चरबी नाही.

ज्यांचा त्या दिवशी उपवास असेल त्यांनाही सोय आहे. केळी, रताळी, राजगिरा, साबुदाणा हा सगळा कर्बोदकांचाच कारखाना आहे, फक्त खिचडीत तूप आणि दाण्याचं कूट जरा कमी. ज्यांना डायबिटीस आहे, विशेषतः जे इन्सुलिन घेतात, त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. आणि कुणी बसलेलं दिसलं तर नुसतं पाणी मारत बसू नका. शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर साखर-पाणी द्या. बोलणं असंबद्ध होत असेल, अंग तापलं असेल, तर तो उष्माघातही असू शकतो. सावलीत न्या, अंग गार करा, ताबडतोब डॉक्टर बोलवा.

शेवटी एक विनंती

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, "माहिती छान आहे, पण सकाळी पाचला पोहे देणार कोण?" आणि हाच खरा मुद्दा आहे! घरून येणारी डे-स्कॉलर मुलं आईच्या हातचं खाऊन स्टार्ट लाइनवर उभी राहतात. होस्टेलची मुलं-मुली अकरा तासांच्या उपवासावर उभी राहतात. दोघांच्या मेडलमधला फरक आपण 'जिद्द' म्हणून मोजतो. रेक्टर सरांना, मॅडमना आणि मेसच्या काकांना एवढीच विनंती आहे की वर्षातले ते दोन-तीन दिवस, क्रॉसकंट्री आणि रॅलीचे, मेस पहाटे पाचला उघडावी. तेही जमत नसेल तर आदल्या रात्री जेवताना प्रत्येक स्पर्धकाला तीन केळी आणि दोन गूळ-पोळ्या हातात द्याव्यात. याला नवीन बजेट लागत नाही, त्या दिवशीचा नाश्ताच फक्त तीन तास आधी द्यायचा आहे. स्पर्धकांची यादी जिमखाना आदल्या संध्याकाळी देऊ शकतो, आणि पहाटे वाढायला उभे राहायला आम्ही टी.ई.च्या मुली तयार आहोत. चहा तेवढा काकांनीच करावा, आमचा चहा पिऊन कुणी पळू शकेल याची खात्री नाही!